कुठं धरू?

मुलांनो, तुमच्यापैकी सिंहगडावर कोण कोण गेलंय? करा बरं हात वर! मीही गेले होते. एकदा नाही, चांगली दोनदा, शाळेच्या सहलीबरोबर. पण मी तिथं काय पाहिलं, सांगू? गाड्या लावायची जागा! सगळी मुलं टाळ्या पिटत गड बघायला गेली आणि मी बसमध्ये बसून त्यांच्या पिशव्या सांभाळल्या.

गंमत म्हणजे, चौथीच्या वर्गाला तानाजी मालुसऱ्यांचा धडा मीच शिकवायची. फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, तो कडा, तो दोर, सगळं फळ्यावर काढून दाखवायची. एकदा एका मुलानं विचारलं, "बाई, तो कडा किती उंच आहे हो?" मी म्हटलं, "खूप!" दुसरं काय सांगणार?

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. आपल्या देशात या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तुम्ही लहानपणी जे दोन थेंब घेतलेत ना, त्यांची ही करामत! पोलिओनं पायांतली ताकद जाते, पण जाणीव जात नाही. म्हणजे मुंगी चावली की मला बरोबर कळतं, फक्त तिला झटकायला पाय हलत नाही. म्हणून मी व्हीलचेअर वापरते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या काही हौशी मंडळींनी ठरवलं, की पायथ्यापासून चालत सिंहगड चढायचा आणि त्यासाठी ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या. त्या पैशांतून लहान मुलांना त्यांच्या मापाच्या व्हीलचेअर घ्यायच्या. मापाच्या कशाला, असं वाटलं ना? अहो, मी सात वर्षांची असताना मला दानात मोठ्या माणसाची खुर्ची मिळाली होती. माझे हात चाकांपर्यंत पोचायचेच नाहीत! खुर्ची असून मी आपली कुणीतरी ढकलेल म्हणून वाट बघत बसायची. म्हणून मी त्यांना म्हटलं, "मीही येते. पण गाडीतून नाही. तुमच्याबरोबर."

आम्ही आठजण होतो. आधीचे तीन रविवार टेकडीच्या उतारावर सराव केला. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती खडीत रुततात. मग खुर्ची मागं कलती करायची, म्हणजे ती मोठ्या दोन चाकांवर चालते. दोघं मागून ढकलणार, दोघं पुढून दोर ओढणार, बाकीचे पाळीपाळीनं येणार. पायऱ्या आल्या की खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी वर घ्यायची. आणि मी 'तीन' म्हटल्याशिवाय कुणी उचलायचं नाही. मोजायचं काम माझं, रस्त्यातले खड्डे हेरायचं काम माझं, कुठं थांबायचं हे सांगायचं कामही माझं.

भल्या पहाटे आम्ही घाटरस्त्याला लागलो. सपाटी आली की मी हातमोजे घालून स्वतः चाकं फिरवायची. चढ आला की दोरवाले पुढं. थांबलो की ब्रेक लावायचा, शिवाय चाकामागं दगड. दर वळणाला खालची शेतं आणखी लहान दिसत होती. एकच गोष्ट मी चुकीची केली. दिवसभर पाणीच फारसं प्यायले नाही. कारण तुम्हांला सांगायला हरकत नाही. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह वाटेत मिळेल की नाही, ही धास्ती! अशी धास्ती घेऊन आपल्यातली कितीतरी माणसं घराबाहेर पडतात.

गाड्या लावायची ती ओळखीची जागा आली. मी तिच्याकडं बघून हात हलवला आणि पुढं निघाले!

पुणे दरवाजा म्हणजे एकामागून एक असे तीन दरवाजे आहेत. तिथल्या पायऱ्यांवर आम्ही खुर्ची उलटी करून एकेक पायरी चढत होतो. "एक... दोन..." मी मोजत होते. तेवढ्यात वरून येणारे दोघं भले गृहस्थ "अरेरे, थांबा थांबा!" म्हणत धावले आणि विचारता न विचारता त्यांनी दोन्ही बाजूंनी खुर्ची उचलली. एकानं हात ठेवायचा दांडा धरला होता. तो दांडा काढता-घालता येणारा! तो सटकन त्यांच्या हातात आला आणि खुर्ची एका अंगाला कलली. "सोडू नका!" मी किंचाळले. मागच्या दोघांनी मुठी घट्ट धरल्या म्हणून निभावलं. नाही तर मी गडगडत पुन्हा बसपाशी!

ते गृहस्थ घाबरून गेले. म्हणाले, "ताई, आम्ही मदतच करत होतो हो." खरंच होतं ते. मी थरथरतच म्हटलं, "काका, मदत हवीच आहे. फक्त आधी विचारा, कुठं धरू?" त्यांनी तो दांडा परत बसवला आणि हळूच विचारलं, "मग कुठं धरू?" मी सांगितलं. "एक, दोन, तीन!" आणि आम्ही तिसऱ्या दरवाजातून गडावर!

देवटाक्याजवळ बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. वर मडक्यातलं दही. तानाजींची समाधी आणि तो कडा अजून पुढं होता. सगळे म्हणाले, "चला ताई, एवढं आलोच आहोत!" पण दोर ओढणारा एक दादा आपला हात सारखा खिशात लपवत होता. मी म्हटलं, "दाखव." तळहाताला फोड येऊन फुटला होता. उतरताना तर दोरावर जास्त भार येतो, कारण खुर्ची मागं ओढून धरावी लागते.

मी म्हटलं, "परत फिरू या."

"पण हे सगळं तुमच्यासाठी..." दादा कुरकुरला.

"मी तुमच्यातली एक आहे, की तुमचं सामान?" मी विचारलं. "एक असेन, तर माझंही मत धरा."

मग कुणी काही बोललं नाही. दोर दुसऱ्यानं घेतला आणि आम्ही उतरायला लागलो. मला वाईट वाटलं का? वाटलं ना! चांगलं दरवाजापर्यंत वाटत होतं.

जमलेल्या पैशांतून पाच मुलांना खुर्च्या मिळाल्या. त्यांतल्या एका मुलीनं खुर्चीत बसल्याबरोबर काय केलं असेल? आईचा हात बाजूला सारला आणि स्वतः चाकं फिरवत थेट व्हरांड्याच्या टोकाला गेली!

तर दोस्तांनो, कुणी व्हीलचेअरवर, कुबड्यांवर किंवा पांढरी काठी घेऊन चाललेलं दिसलं, तर मदत जरूर करा. पण हात पुढं करण्याआधी तोंड उघडा. "मदत हवी का? कुठं धरू?" एवढंच विचारा. "नको" असं उत्तर आलं तरी रागावू नका.

आणि हो, तो कडा किती उंच आहे, ते मला अजूनही सांगता येत नाही. वर्गात पुन्हा तो प्रश्न आला, तर यंदाही "खूप!" असंच सांगीन. पण पुढं जोडीन, "थांबा थोडं, पाहून येते!"