तब्येत आणि सेहत

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एका बाबतीत या दोन भाषांचं अगदी एकमत आहे. माणसाचं वजन वाढलं की उर्दूत म्हणतात, "माशाअल्लाह, सेहत बन गई." मराठीत म्हणतात, "तब्येत सुधारली." म्हणजे सेहत काय, तब्येत काय, दोन्हींचा अर्थ आपण अंगावरच्या मांसात शोधतो.

माझं माहेर साताऱ्याचं आणि नोकरी सांगलीत. सुट्टीला घरी गेले की अम्मी आधी माझे गाल बघते, मग सलामचं उत्तर देते. निघताना कंदी पेढ्यांचा बॉक्स ठरलेला. सांगलीहून जाताना माझ्या पिशवीत भडंग असतंच. या खाऊबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणा आला, बशी भरली, चार माणसांत वाटून संपली. मात्र आता मुलांचं खाणं ना पाहुण्याची वाट बघतं, ना भुकेची. सकाळी चहा-खारी, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट, शाळा सुटल्यावर दुसरं, रात्री मोबाईलसमोर तिसरं. जेवायला बोलावलं की "भूक नाही."

माझ्या वर्गात एक मुलगी अंगाने भरलेली आहे. मुलं तिला "ड्रम" म्हणतात. गेले काही महिने ती डबा तसाच घरी नेते. शेजारच्या बाकावरचा मुलगा काडीसारखा. डब्यातली भाजी-चपाती त्याला नको असते, रोज पाकिटावर दिवस काढतो. त्याला कुणी काही बोलत नाही. उलट मोठी माणसं म्हणतात, "खाऊ दे, अंगाला लागेल तरी." एकीची भाकरी सुटली, दुसऱ्याला पाकीट मिळालं. दोन्ही निकाल आपण नुसत्या डोळ्यांनी लावले.

डोळे कसे फसवतात, याचं उदाहरण पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही 22.3, तंतोतंत सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडची सडसडीत दिसणारी माणसंही आत चरबी बाळगून असू शकतात. अशी चरबी, विशेषतः पोटातली, मधुमेहाला वाट करून देते. तेव्हा बारीक मुलाला पाकीट चालतं, हा हिशेब चुकीचा आहे.

म्हणून मी एक तास पाकिटांच्या वाचनाचा घेतला. मुलांनी रिकामी पाकिटं आणली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. पाम तेल, साखर, मीठ. मोठ्या माणसानेही दिवसभरात मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फळ्यावर बेरीज मांडली, तेव्हा वर्ग गप्प झाला. त्या तासाला जाड-बारीक हा शब्दच निघाला नाही.

घरातही एवढं करता येईल. भडंग वाटीत घ्यावं, पाकीट रोजचं नसावं. लेकरू समोर आलं की त्याच्या गालांवर, पोटावर शेरा मारू नये. त्यापेक्षा विचारावं: आज काय खेळलास? जिना चढताना दम लागतो का? डबा संपवलास का, नसेल तर का नाही? सेहतीची चौकशी अशी व्हायला हवी.