तीन वर्षांची मागणी

फुटबॉलविषयी मी काही लिहावे, हे आमच्या घरात कोणालाही पटण्याजोगे नाही. बडोद्यात लहानाचा मोठा झालो तो मोतीबागेत क्रिकेट पाहत. व्यायाम म्हणाल तर जुम्मादादा व्यायाममंदिरात वडिलांनी बळेच धाडले तेव्हा काढलेले चार जोर, एवढीच पुंजी. तरीही फुटबॉलच्या नव्या संघाचा जन्म मी आयुष्यात दोनदा जवळून पाहिला. एकदा १९७९ साली, बडोद्यातील ज्या लहानशा महाविद्यालयात मी शिकवीत होतो तेथे. आणि दुसऱ्यांदा २०१० साली अमेरिकेत, अटलांटाला लेकीकडे गेलो असताना. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. जो संघ अजून अस्तित्वातच नाही, तो उभा करण्यासाठी माणूस कोणता आणावा? पहिल्या वेळी उत्तर देणाऱ्यांत मी होतो, दुसऱ्या वेळी नुसता प्रेक्षक.

आधी अटलांटाची हकीकत सांगतो, कारण तिच्यामुळेच दुसरी आठवली.

माझा नातू तेव्हा जॉर्जिया स्टेट विद्यापीठात शिकत होता. हे विद्यापीठ शहराच्या ऐन मध्यावर आहे. १९१३ साली संध्याकाळचे वर्ग म्हणून त्याचा आरंभ झाला आणि पुढे विस्तार पुष्कळ झाला तरी वळण तेच राहिले. मुलांनी यावे, तास संपवावे आणि नोकरीला किंवा घरी पळावे. "आजोबा, आमचं विद्यापीठ म्हणजे बसचा थांबा आहे," असे नातू म्हणे. अशा ठिकाणी मुलांना आपले म्हणण्याजोगे काहीतरी हवे, या विचाराने २००८ साली तेथे फुटबॉल सुरू करण्याचे ठरले. पैसा उभा करण्यासाठी विद्यार्थ्यांच्या शुल्कात वाढ झाली, आणि चिरंजीवांची कुरकुर सुरू झाली. "मी चेंडूला बोट लावत नाही, आणि दर सत्राला पैसे मात्र माझे!"

बोट लावणे हा शब्दप्रयोग मी जाणून ठेवला आहे, कारण अमेरिकन फुटबॉल हा मुख्यत्वे हातांनी खेळायचा खेळ आहे. चेंडू लांबट, तो काखोटीला मारून धावायचे किंवा दूर फेकायचा, अंगावर चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण. एका वेळी अकरा गडी मैदानात असतात, पण चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, नुसती लाथ मारण्यासाठीचे आणखी वेगळे. त्यामुळे संघ म्हणजे एक पलटणच. नवा संघ ज्या श्रेणीत उतरणार होता, तेथे त्या काळच्या नियमाप्रमाणे त्रेसष्ट शिष्यवृत्त्या देता येत. शिवाय १९७२ च्या कायद्याने मुलींच्या खेळांना न्याय्य वाटा देणे भाग असते. मुलांच्या एवढ्या मोठ्या संघाचा खर्च वाढला की मुलींच्या बाजूचाही विचार करावा लागतो. तात्पर्य, चार चेंडू आणि एक शिट्टी आणून भागण्यासारखे ते प्रकरण नव्हते.

या पलटणीचा सेनापती म्हणून जून २००८ मध्ये बिल करी या गृहस्थांची नेमणूक झाली. वय पासष्ट. प्रशिक्षक म्हणून शेवटचे काम केले होते १९९६ साली. मधली वर्षे दूरदर्शनवर सामन्यांचे विवेचन करण्यात गेलेली. आपल्याकडे असा अर्ज पहिल्या चाळणीतच बाद झाला असता. पण त्यांचे बालपण अटलांटाच्या परिसरातलेच, शिक्षण त्याच शहरातील जॉर्जिया टेक या संस्थेतले. व्यावसायिक संघांतूनही ते वर्षानुवर्षे खेळले, तेही 'सेंटर' म्हणून. सेंटर म्हणजे जो वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्याची धडक छातीवर घेतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो चुकला तर मात्र सगळे पाहतात.

नेमणूक झाली त्या दिवशी त्यांच्याजवळ एकही खेळाडू नव्हता आणि पहिला सामना दोन वर्षांहून अधिक दूर होता. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे निम्मे काम मैदानावर नसतेच. ते लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत असते. शाळा संपवीत असलेल्या मुलांच्या घरी जायचे आणि आईबापांना पटवायचे. येथे सांगायचे काय, तर आमच्यापाशी संघ नाही, इतिहास नाही, पहिले वर्ष नुसत्या सरावाचे. तरी मुलगा आमच्या स्वाधीन करा. मुलीची सोयरीक जमवण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना यातील अवघडपणा कळेल. घर अजून बांधायचे आहे आणि सून आत्ताच हवी! अशा कामी ज्याच्या शब्दावर गावचे लोक विश्वास ठेवतील असा मनुष्य लागतो. नेमणाऱ्यांनी तेच पाहिले असावे, असे माझे मत झाले.

२ सप्टेंबर २०१० रोजी जॉर्जिया डोम या प्रचंड आच्छादित क्रीडागारात पहिला सामना झाला. जावईबापूंनी तिकिटे काढली होती. तीस हजार दोनशे सदतीस माणसे होती, असे दुसऱ्या दिवशी वाचले. शॉर्टर या लहान महाविद्यालयाचा ४१-७ असा पराभव झाला. मला खेळ फारसा कळला नाही, पण नातवाने तोंडाला निळा रंग फासला होता आणि शेजारच्या अनोळखी मुलाच्या गळ्यात हात टाकून तो ओरडत होता, एवढे कळले. शुल्काचे नाव त्याने त्या दिवशी काढले नाही.

त्याच नोव्हेंबरात या पोरसवदा संघाने तेव्हाच्या राष्ट्रीय विजेत्या अलाबामाच्या मैदानावर जाऊन ६३-७ असा मार खाल्ला. अलाबामाला १९८७ ते १९८९ या काळात करीच प्रशिक्षक होते. १९८८ मध्ये एका पराभवानंतर त्यांच्या कचेरीच्या खिडकीतून कोणीतरी वीट फेकली होती. पुढच्याच वर्षी दहा सामने जिंकूनही, ऑबर्न या शेजारच्या प्रतिस्पर्ध्यापुढे तिन्ही वर्षे हार खाल्ल्याचे शल्य लोकांच्या मनातून गेले नाही, आणि ते ती जागा सोडून केंटकीला गेले.

मी पुन्हा अटलांटाला गेलो तो २०१२ च्या ऑक्टोबरात. पहिल्या वर्षी सहा जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी तीन जिंकले, आठ हरले. आणि या तिसऱ्या वर्षी, हंगाम संपला तेव्हा, अकरांपैकी एक विजय. मी नातवाला विचारले, "आता यांना काढणार ना?"

"काढायचं कशाला आजोबा? त्यांनी हंगामाच्या आधीच सांगितलंय, हे माझं शेवटचं वर्ष म्हणून."

"पण दहा सामने हरले रे!"

"नवा संघ आहे. हरणारच," तो म्हणाला आणि खायला काय आहे ते पाहायला स्वयंपाकघरात गेला.

मुलीच्या घराजवळ एक उत्तम ग्रंथालय आहे. दुपारचा वेळ जाईना म्हणून तेथे बसून मी या गृहस्थांची मागील कारकीर्द वाचून काढली. १९८० साली ते आपल्या जुन्या जॉर्जिया टेकमध्ये प्रथमच मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी एक विजय, नऊ पराभव, एक बरोबरी. दुसऱ्या वर्षी एक विजय, दहा पराभव. दोन वर्षांत दोन विजय! तरीही संस्थेने त्यांना ठेवले, आणि १९८५ साली त्याच माणसाच्या हाताखाली संघाने नऊ सामने जिंकले. हे आकडे मी टिपणवहीत उतरवून घेतले. उतरवता उतरवता माझा हात थांबला, कारण मला आमच्या मास्तरांचा आवाज ऐकू आला.

आम्ही वीट फेकली नव्हती. आम्ही पत्र पाठविले होते, आणि ते माझ्या हस्ताक्षरात होते.

१९७९ साली आमच्या महाविद्यालयात फुटबॉलचा संघ काढण्याची टूम निघाली. मी जिमखान्याचा चिटणीस, म्हणून निवड समितीत होतो. प्रशिक्षकाच्या जागेसाठी दोन अर्ज आले. एक तरुण, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेला. दुसरे मास्तर; मूळचे गोव्यातील साष्टीचे, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त, तारुण्यात रेल्वेच्या संघातून खेळलेले, कोंकणीच्या वळणाचे मराठी बोलणारे. प्रमाणपत्र म्हणाल तर काहीच नाही. आमचे विश्वस्त गुजराती व्यापारी, सज्जन मनुष्य, पण प्रत्येक गोष्टीची बेरीज वर्षअखेर करणारे. त्यांनी मास्तरांना विचारले, "पहिल्या वर्षी किती सामने जिंकून द्याल?"

मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "पहिल्या वर्षी तुम्ही हरणार. दुसऱ्या वर्षी कमी हरणार. मला तीन वर्षं द्या सायबा, मग काय ते विचारा."

सगळे हसले. आम्ही त्यांना नेमले. त्या उत्तरावर खूश होऊन मात्र नव्हे. पतियाळावाल्या तरुणाच्या निम्म्या मानधनात ते यायला तयार होते. विश्वस्तांनी "चालशे, चालशे" म्हटले आणि चहा आला. तीन वर्षांचा विषय कोणी कागदावर घेतला नाही. मीही नाही.

मास्तरांनी पहिले सहा आठवडे मुलांना गोलाकडे चेंडू मारूच दिला नाही. नुसते एकमेकांकडे देणे, तेही डाव्या पायाने. मुले कंटाळली, दोघे सोडून गेले. मास्तर त्यांना हैदराबादच्या रहीमसाहेबांच्या गोष्टी सांगत. शाळामास्तर असलेल्या या माणसाने १९६२ साली जकार्ताला भारताला आशियाई सुवर्णपदक कसे मिळवून दिले ते सांगत. मी सकाळी दूध आणायला निघालो की मैदानाच्या कडेला घटकाभर उभा राहत असे. धुक्यातून चेंडूचा आवाज येई आणि मधूनच मास्तरांचा, "डावा, डावा!"

त्या हंगामात आम्ही पाच सामने खेळलो आणि पाचही हरलो. पहिला ०-७. शेवटचा १-२, आणि त्यातला दुसरा गोल अखेरच्या दोन मिनिटांत झालेला. हे अंतर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सात गोलांनी हरणारी मुले चार महिन्यांत बरोबरीच्या दारापर्यंत आली होती. एप्रिलच्या सभेत विश्वस्तांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटले, "पांचमांथी पांच!" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. मी एवढेच बोलायला हवे होते की, साहेब, पहिला आणि शेवटचा निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. मला ते सुचले नाही असे नाही. पण माझी स्वतःची बढती त्या वर्षी विचाराधीन होती, आणि फुटबॉलपायी विश्वस्तांशी वाद घालण्याइतका तो खेळ मला महत्त्वाचा वाटला नाही. मी पत्र लिहिले. पतियाळावाल्या तरुणाला बोलावणे गेले. तो आला, चांगला होता, पण चार महिन्यांत त्याला अधिक पगाराची नोकरी लागली. १९८२ मध्ये संघ बंदच झाला.

अमेरिकेत सगळे संतच नांदतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. करींच्या नंतर आलेल्या प्रशिक्षकाने २०१३ साली, वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच वर्षी, बारापैकी बारा सामने गमावले. पुढच्या वर्षी अकरा. तेव्हा त्याला ठेवले. तिसऱ्या वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, त्याने संघाला हंगामोत्तर सामन्यापर्यंत नेले, आणि २०१६ मध्ये त्यालाही काढलेच. पण संघ चालू राहिला. जॉर्जिया डोम २०१७ साली पाडला गेला तोवर विद्यापीठाने शहरातले जुने बेसबॉलचे क्रीडांगण घेऊन आपलेसे केले होते. २०१९ साली या संघाने टेनेसीसारख्या मातब्बर विद्यापीठाला त्याच्याच मैदानावर ३८-३० असे हरविले, तेव्हा नातवाचा फोन मध्यरात्री बडोद्याला आला. मी जागाच होतो. या वयात झोप कुठली!

मास्तर पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सामान परत करायला आले होते. गोणपाटाची पिशवी माझ्या टेबलाशी ठेवून त्यांनी चेंडू एकेक करून बाहेर काढले. सगळे पुसून, हवा भरून आणलेले. पाच होते. माझ्या नोंदवहीत चारच होते.

मी म्हणालो, "मास्तर, एक जास्त आहे."

"तो मी आणलेला. चार कमी पडत होते."

"मग तो तुम्ही घेऊन जा."

"मी आता काय करू चेंडू घेऊन?" ते म्हणाले. "पोरांना राहू द्या."

पावतीपुस्तक माझ्या समोर होते. वर्षअखेरीची तपासणी तोंडावर आली होती आणि पाचव्या चेंडूची नोंद कोणत्या खाती दाखवावी, हे मला ठाऊक नव्हते. मी चार चेंडूंची पावती फाडून त्यांना दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून टोपीच्या अस्तरात ठेवली आणि मला नमस्कार करून ते जिना उतरले.