सतरा पौंडांचे बिऱ्हाड

मोठ्या माणसामागे सतरा पौंड सामान! म्हणजे पावणेआठ किलो. विमानात हातातल्या पिशवीला साधारण सात किलोची मर्यादा असते आणि तेवढ्यावरून आपण काउंटरवरच्या मुलीशी किती हुज्जत घालतो! पण १८५६ साली इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्क अशा देशांतून निघालेल्या दोन हजारांच्या आसपास गोरगरिबांनी आपला उभा संसार तेवढ्या वजनात बसवला. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, सगळे धरून सतरा पौंड. ते दोन चाकांच्या हातगाडीवर चढवायचे आणि आयोवा सिटीपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंत तेराशे मैल ती गाडी स्वतः ओढत न्यायची. तंबू आणि पीठ वाहायला बैलगाड्या होत्या, पण अगदी मोजक्या.

ही मंडळी मॉर्मन पंथाची. पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांनी १८४७ मध्ये युटाच्या खोऱ्यात वस्ती केली आणि मग जगभरच्या अनुयायांना तिकडे येण्याची हाक दिली. बैल आणि मोठी गाडी घ्यायची तर खर्च फार. म्हणून हातगाडीची युक्ती निघाली. १८५६ ते १८६० या काळात असे दहा तांडे निघाले, सुमारे तीन हजार माणसे चालली. त्यांतले आठ तांडे बहुतांशी धडपणे पोचले. उरलेल्या दोघांची गोष्ट मात्र युटातल्या घराघरांत आजही सांगतात; आणि नुसती सांगून भागत नाही म्हणून तिथली मुले दर उन्हाळ्यात ती चालून पाहतात!

माझी मुलगी सॉल्ट लेक सिटीत राहते. तिथल्या पंधरा वर्षांच्या नातीला तिच्या मैत्रिणीने या ‘ट्रेक’चे आमंत्रण दिले. चर्चमधली चौदा ते अठरा वर्षांची मुले, तीन दिवस, हातगाड्या आणि तंबू. घरात अर्थातच गोलमेज परिषद भरली. “उद्या बाप्तिस्मा घेऊन आली तर?” असे जावईबापू म्हणाले. मी म्हटले, “अहो, ख्रिस्ती नन्सच्या शाळेत मी दहा वर्षे काढली आणि अजून चतुर्थी करते!” ठराव मंजूर झाला. शेवटच्या दिवशी पाहुण्यांनाही थोडे चालता येणार होते. तेव्हा आम्हीही गाडी काढली.

वायोमिंग राज्यात शिरल्यावर जे उजाड माळरान लागते त्याला अंत म्हणून नाही. झाड दिसेल तर शपथ! नुसती करड्या रंगाची, उग्र वासाची सेजब्रशची झुडपे, मधूनच हरणासारख्या प्राँगहॉर्नचा कळप, आणि वारा. हा वारा दार उघडताच मोटारीत शिरून आपल्या शेजारी बसतो. रॉलिन्स गाव सोडून उत्तरेला वळले की काही वेळाने ग्रॅनाइटचे बोडके डोंगर दिसू लागतात. त्यांतल्या एकाला नदीने वरपासून खालपर्यंत चिरले आहे. त्या चिरेला डेव्हिल्स गेट म्हणतात. नदीचे नाव स्वीटवॉटर. आणि जवळच डोंगराने कुशीत घेतल्यासारखी एक घळ आहे, ती मार्टिन्स कोव्ह.

एडवर्ड मार्टिन हा त्या शेवटच्या हातगाडी-तांड्याचा कप्तान. त्याच्या पुढचा तांडा जेम्स विलीचा. दोन्ही मिळून हजारावर माणसे. इंग्लंडहून जहाजेच उशिरा सुटली, आयोवात गाड्या तयार नव्हत्या. घाईने केल्या त्या ओल्या लाकडाच्या. ऊन लागताच लाकूड आकसले, चाके खिळखिळी झाली. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्स गावी विलीच्या तांड्याची सभा झाली. नुकताच ब्रह्मदेशातून धर्मप्रचार करून परतलेला लेव्ही सॅव्हेज म्हणाला, आता निघू नका, हिवाळा इथेच काढा. म्हातारी माणसे आणि मुले मरतील. त्याचे ऐकले नाही. सगळ्यांनी जायचे ठरवले तेव्हा तोही मुकाट्याने बरोबर निघाला. आणि त्याने सांगितले तसेच झाले.

मला सगळ्यांत चटका लावून गेली ती एक बारीक गोष्ट. ऑक्टोबरच्या मध्याला मार्टिनच्या तांड्यातली माणसे इतकी थकली की सामान आणखी कमी करून माणशी दहा पौंडांवर आणले. जादा कपडे, पांघरुणे तिथेच टाकली, जाळली. दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, त्यांना बर्फाळ पाण्यातून नॉर्थ प्लॅट नदी ओलांडावी लागली आणि त्याच दिवशी पहिले हिमवादळ आले. ज्या बाईने स्वतःच्या हाताने गोधडी आगीत टाकली, तिने ती रात्र कशी काढली असेल?

सॉल्ट लेक सिटीत ही मंडळी अजून वाटेत आहेत हे ऑक्टोबरच्या आरंभी कळले. ब्रिगहॅम यंगने भर सभेत इतर विषय बाजूला सारून मदत मागितली आणि दोन दिवसांत पीठ, कपडे भरलेल्या गाड्या निघालेदेखील. नाहीतर कोणीच वाचले नसते. तरी दोन्ही तांड्यांत मिळून दोनशेवर माणसे गेली. विलीचे लोक ९ नोव्हेंबरला पोचले, मार्टिनचे ३० नोव्हेंबरला.

आता आमची वारी. पोरांचे दहा-दहांचे ‘कुटुंब’ केलेले, प्रत्येकाला एक जोडपे आईबाप म्हणून नेमलेले. मुलींना लांब झगे आणि कपाळावर पुढे आलेली सुती टोपडी. मुलांना गॅलिसच्या विजारी. आमची नात त्या टोपड्यात थेट पेशवाईतल्या कुंचीतल्या बाळासारखी दिसत होती, पण हे तिला सांगायची सोय नव्हती. पिठाची पिशवी दुपट्यात गुंडाळून तिचे ‘बाळ’ केले होते. आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या दिंड्या पाहिलेल्या माणसाला हे सगळे पाहून आधी थोडे हसू येते. आपल्या वारीला सोंग लागत नाही. पाठीवरचे गाठोडे खरे असते. इथे मागून पाण्याचा टँकर येतो, डॉक्टर येतो, जेवण वेळेवर असते. आणि हे बरेच आहे. २०१६ मध्ये ओक्लाहोमात अशाच एका ट्रेकमध्ये उष्म्याने एका तरुण स्वयंसेविकेचा बळी घेतला होता. पूर्वजांचे हाल समजायला पोरांचे हाल करावे लागत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण चढ आला आणि माझे हसू थांबले. तिथे सगळ्या मुलग्यांना बाजूला काढतात. टोप्या हातात घेऊन ते वाटेच्या दोन्ही अंगांना गप्प उभे राहतात आणि मुली एकट्या गाड्या चढवतात. मुलांनी हात लावायचा नाही. वाळूत चाक रुतले, आमच्या नातीची गाडी मागे सरकू लागली. तिच्या मैत्रिणीचा उंचापुरा भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या हातातल्या टोपीचा बोळा झाला, पण तो जागचा हलला नाही. मागून दुसऱ्या गाडीच्या दोन मुली धावत आल्या, खांदा लावला, गाडी वर गेली. तो पोरगा डोळे पुसत होता.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र यात घोटाळा आहे. पाचशे मॉर्मन पुरुष सैन्यात गेले ते १८४६ मध्ये. हातगाड्या आल्या दहा वर्षांनी. दोन काळांची ही मोट कुणीतरी सोयीने बांधली आहे. तसेच स्वीटवॉटर नदीचे. तीन तरुणांनी सगळ्या तांड्याला पाठीवर घेऊन गारठलेली नदी पार केली आणि त्यापायी तिघेही मेले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २००६ मध्ये पंथाच्याच एका इतिहासकाराने कागद तपासून दाखवले की उचलणारे तिघांहून अधिक होते, सगळ्यांना उचलून नेले नव्हते, आणि ते तिघे पुढे कित्येक वर्षे जगले. मला तर जगले हे ऐकून बरेच वाटले!

तिथल्या जुन्या रँचच्या घरात आता माहितीकेंद्र आहे आणि निवृत्त जोडपी पदरमोड करून तिथे सेवा करतात. त्यांतल्या एका आजोबांना मी सरळ विचारले, “उशीर झालेला दिसत असताना निघायची परवानगी दिली कुणी? मुलांना हे सांगता का?” ते क्षणभर थांबले. म्हणाले, “बाई, माझ्या वडिलांनी मला नुसती श्रद्धा सांगितली. मी मुलांना सॅव्हेजचेही सांगतो. पुढे काय समजायचे ते त्यांनी समजावे.”

मग मी कुठली हे त्यांनी विचारले. महाराष्ट्रातली, असे कळताच ते म्हणाले, “म्हणजे तुमचीही एक या वाटेवर होती!”

गोष्ट खरी आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन धर्मप्रचारक मुंबईत उतरला, पुढे पुण्यातही गेला. फार कुणी त्याचे ऐकले नाही. ज्या थोड्यांनी ऐकले त्यांत मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर आणि तिचा नवरा, पलटणीतला विल्यम टेट, हे होते. झेवियर नाव ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे आपली वसई आणि गोवा उभे राहिले. नवरा आधी युटाला गेला. ती मागून तान्ह्या मुलीला घेऊन समुद्र ओलांडून आली. मुलगी वाटेतच गेली. आणि मुंबईच्या उकाड्यात वाढलेली ही बाई विलीच्या तांड्याबरोबर त्या बर्फातून चालत सॉल्ट लेकला पोचली.

नात शेजारी उभी राहून ऐकत होती. तळहाताला दोन टपोरे फोड, नाकाचे साल निघालेले. तिने ते टोपडे काढून माझ्या हातात दिले, आजोबांकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि ते नाव नीट विचारून आधी इंग्रजीत आणि मग खाली, जरा अडखळत, मराठीत लिहिले. ‘झे’ची मात्रा मी सांगितली. तेवढ्यात पुढे जाऊन ती कुठे राहिली, असे तिने आजोबांना विचारले.

“नवऱ्याजवळ. सीडर सिटीला,” ते म्हणाले. “युटाच्या दक्षिणेला आहे. इथून फार लांब.”