खेळण्यातली समाधी आणि पाटीवरचा एक शब्द

दिवाळीत किल्ला कसा बांधायचा, हे आपल्या पोरांना सगळेच शिकवतात. माती कुठून आणायची, दगड कसे रचायचे, मावळे कुठल्या बुरुजावर ठेवायचे, सिंहासन कुठे, हे शाळा सांगते, शेजारी सांगतात, स्पर्धा भरवणारी मंडळं सांगतात. समाधी बांधायला मात्र कोणी शिकवत नाही. किल्ल्यात राजा असतो आणि बाकी सगळे एकाच साच्यातून काढलेले, एकाच रंगाचे, बिननावाचे मावळे. समाधी बांधायची तर पहिलाच प्रश्न येतो, कोणाची? आणि हा प्रश्न आपल्याकडे किती महाग पडतो, ते डिसेंबर २०१७ नंतर वेगळं सांगायला नको.

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तसा माझा भाऊ मुलाबाळांना घेऊन आचऱ्याला आला. येताना पोराने एक खोका आणला होता. लेगोसारख्या एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा. त्यातून युरोपातल्या मध्ययुगातला वाडा, घोडेस्वार सरदार, म्हणजे नाइट, आणि त्याची कबर बांधायची. वाडा चार दिवसांत बांधून झाला आणि मुलाचा त्यातला रस संपला. कबर मात्र त्याला जमेना. चौथरा उभा राही आणि सरदाराला वर निजवायला गेलं की मधोमध फाटे. बाबांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. ते पडवीत बसून हे बघत होते. शेवटी म्हणाले, "सांधो सांध्यार इलो तर भिंत उभी फाटतली. खालचो सांधो वरच्या इटेच्या पोटाखाली येवक होयो." जांभ्याच्या चिऱ्याला जो नियम, तोच डेन्मार्कातल्या प्लास्टिकच्या विटेला. पोराने चौथरा उसकटून पुन्हा रचला, तो पक्का झाला. सरदार पाठीवर निजवला की त्याच्या पायांमागची भोकं विटांच्या गुंड्यांत अडकतात आणि तो हलत नाही.

मग प्रश्न सुरू झाले. हा कोण? झोपूनही चिलखत कशाला? पायाशी कुत्रा का?

मी समाजशास्त्र शिकले आहे, त्यामुळे अशा प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देत नाही. घरातले उठून जातात. पोरं त्या दिवशी बसली. नाइट म्हणजे नुसता शूर माणूस नव्हे. तो आपल्या धन्यासाठी घोड्यावर बसून लढणार आणि त्या बदल्यात धनी त्याला जमीन देणार, असा तो करार. जमीन पुढे मुलाला, नातवाला. चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती निजवली जाई, तिच्या ढालीवर घराण्याचं चिन्ह असे. ती मेलेल्यासाठी जेवढी, त्याहून जास्त जिवंत वारसांसाठी होती. हा आमचा पूर्वज, ही आमची ढाल, या परगण्यात आमचा मान पहिला. दगडात कोरलेला सातबाराच म्हणा. अशा काही मूर्तींचे पाय एकमेकांवर टाकलेले असतात. पायावर पाय म्हणजे हा धर्मयुद्धाला जाऊन आला, असं लोक पुढे शतकानुशतकं सांगत राहिले. त्याला आधार काही नाही, पण वारसांना गोष्ट आवडली आणि ती टिकली. कोणाची दंतकथा टिकते आणि कोणाच्या परंपरेकडे पुरावा मागितला जातो, याचं हे एक लहान उदाहरण.

असले दगड बघायला युरोपात जायला नको. आचऱ्याहून गोवा काही तासांवर आहे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची जमीनच पोर्तुगीज खानदानी लोकांच्या थडग्यांच्या शिळांनी फरसबंद केलेली आहे. त्यांवर नावं आहेत, घराण्यांची चिन्हं आहेत. माणसं त्यांवरून चालतात, अक्षरं झिजतात, तरी नाव राहिलंय. ते चर्च ज्यांनी डोक्यावर दगड वाहून उभं केलं, त्यांच्या नावाची शिळा मला तिथे दिसली नाही.

आता जमिनीच्या बदल्यात सेवा, ही गोष्ट ऐकून तुम्हाला काही आठवलं असेल. आपल्या आजा-पणजांनाही वतनच होतं. रात्री वेस राखायची, सरकारी माणसापुढे धावायचं, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात हाडकी-हाडोळा आणि बलुतं, आमच्या कोकणात तर जमिनीचा तुकडाही बेताचाच. सरदाराच्या वतनातून त्याला घराणं मिळालं, ढाल मिळाली, कबर मिळाली. आपल्या वतनातून फक्त कामाची सक्ती वारसाने मिळाली. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ही हलकी म्हणून ठरवलेली गावकामगार वतनं प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९५८ चा. या प्लास्टिकच्या विटेचं पेटंटही १९५८ चंच आहे. निव्वळ योगायोग, पण पोरांना साल पाठ झालं.

पोराने सरळ विचारलं, "आपल्यातलो कोण सरदार नाय? ज्याची अशी बांधूक गावात?"

वढू बुद्रुकचं नाव मी त्याला सांगितलं. तुळापूरला ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारलं. देहाचे तुकडे झाले. बादशहाच्या भीतीने कोणी पुढे येईना, तेव्हा गोविंद महारांनी ते तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार केले, असं आपली परंपरा सांगते. त्यांचं नाव कुठे गोविंद गोपाळ, कुठे गोविंद गणपत असं येतं. संभाजी महाराजांच्या समाधीजवळच त्यांची समाधी आहे. दुसऱ्या बाजूचा दावा वेगळा आहे. हे काम मराठा घराण्यातल्या लोकांनी केलं, असं ते म्हणतात. दावे असू द्यात, त्यांवर कागद काढून बोलता येतं. पण डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथे कागद निघाले नाहीत. गोविंद महारांची माहिती देणारी पाटी लागली, ती उखडली गेली, समाधीच्या शेडची मोडतोड झाली, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या माणसांवर दगड पडले. एका पाटीवरच्या एका शब्दाने एवढं झालं.

पोरांनी ठरवलं, आपण ही बांधू. वढूच्या समाधीची हुबेहूब प्रतिकृती हे काम नव्हतं, तसा फोटो पाहूनही बसलो नाही. राखाडी विटांचा चौथरा तोच ठेवला, बाबांच्या नियमाने. भोवती लाल विटांचा एक थर, कारण पुतणीच्या मते गडगा नसेल तर गुरं शिरतील. मग वर कोणाला निजवायचं, यावर अडलं. पोराने सरदाराचं शिरस्त्राण काढलं, ढाल काढली. तलवार हातात धरून विचारतो, "आत्ये, ह्याका तलवार नको?"

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. परंपरा गोविंद महारांच्या हातात तलवार देत नाही. त्यांनी कोणाला मारलं म्हणून ते आठवले जात नाहीत. मेलेल्याला हात लावायचं काम ज्या जातीवर विटाळ म्हणून लादलं होतं, त्या जातीतल्या माणसाने राजाच्या देहाला हात लावला, आणि तेव्हा विटाळ मानणारे कुठे होते, ही त्या गोष्टीतली खरी धार आहे. बादशहाशीही आणि गावाशीही एकाच वेळी घेतलेला पंगा. अशा माणसाला सरदाराच्या साच्यात बसवायचं कशाला? पोरांनी शेवटी चौथरा मोकळाच ठेवला. बाहुली नाही, मूर्ती नाही. फक्त समोर एक पांढरी सपाट पट्टी, नावासाठी.

पट्टीवर मुलाने पेनाने लिहिलं, गोविंद गोपाळ महार.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिने वाचलं आणि सूप खाली ठेवलं. "ह्यो शब्द कित्याक लिवतस रे? आमचो जल्म ह्यो शब्द पुसण्यात गेलो."

तिचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. शाळेच्या दाखल्यावरून, रेशनकार्डावरून, पाणवठ्यावरच्या हाकेतून हा शब्द तिच्या पिढीने एकेक करून काढला. बौद्ध असं लिहायला ती शिकली तेव्हा तिला सही करता येत नव्हती. आणि आता नातू तोच शब्द आवडीने, सुबक अक्षरात काढतोय.

तरीही मी मुलाच्या बाजूची आहे. वहीवर, नावापुढे, दारावर हा शब्द नको, त्यात वाद नाही. पण समाधीवरून तो काढला तर काय उरतं? गोविंद गोपाळ नावाचा एक निष्ठावान मावळा. त्याला कोणीही आपल्या साच्यात बसवील, आणि किल्ल्यावरच्या बिननावाच्या मावळ्यांत एक वाढेल. वढूत भांडण 'गोविंद' या शब्दावर नव्हतं. जो शब्द तिथे खुपला, तोच शब्द त्या कृतीचा अर्थ सांगतो. जात सोडणं आपल्या हातात आहे आणि आपण ती सोडली. मेलेल्याची जात पुसणं म्हणजे त्याच्यावर काय लादलं होतं त्याचा पुरावा पुसणं. हे काम आपण फुकटात का करून द्यावं?

कोरेगावच्या स्तंभाचंच बघा. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथे कोरली आहेत आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तेवढ्यावरूनच ती आपली माणसं आहेत हे ओळखता येतं. कंपनी सरकारने ती नावं आपल्या हिशेबासाठी कोरली, आपल्यावरच्या प्रेमाने नव्हे. त्याच ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला गेले ते फुलं वाहून परतायला नव्हे. ज्यांच्या मरणाचा दगड तुम्ही उभा केलात, त्यांनाच लढायला नालायक कसं ठरवता, असा जाब त्या दगडाकडूनच विचारता येत होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या चिन्हावर सुरुवातीला तोच स्तंभ होता. पुढे तो काढला गेला. नावं, चिन्हं, पाट्या काढल्या जातात ती अशी, कधी रात्री लोखंडी सळई घेऊन तर कधी दिवसा कार्यालयात बसून.

आमच्या गटातल्या एका मित्राने हे ऐकून नाक मुरडलं. आपण बुद्धाचे, आपल्याला समाध्या कशाला, आणि राजांसाठी राबलेल्यांचा अभिमान तरी का बाळगायचा? पहिल्या भागाला उत्तर सोपं आहे. बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्ध-पिंडदान नाकारलं, स्मरण नाकारलं नाही. स्तूप म्हणजे तरी अस्थींवरची रचनाच आणि ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे राहतो. (पुतणीला आता चैत्यभूमीच बांधायची आहे. चौकोनी विटांतून गोल घुमट कसा काढायचा यावर बाबा दोन दिवस डोकं खाजवतायत.) दुसरा भाग मात्र मला पटतो. राजनिष्ठेचा अभिमान हा आपला वारसा नव्हे. कोण जास्त निष्ठावान, या स्पर्धेत आपण उतरलो की पंच तेच असतात. म्हणून तर चौथऱ्यावर तलवार नाही.

आईला माझं सगळं म्हणणं पटलं नाही. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या संध्याकाळी तिने ती पट्टी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली की तिच्या आजेसासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या नावाच्या शेवटीही 'नाक' होतं. पलटणीच्या कागदावर तसं लिहिलं होतं, असं तिने सासूकडून ऐकलं होतं. कागद वाळवीने खाल्ला. पोराने लगेच विचारलं, पूर्ण नाव काय? ते तिला सांगता येईना. सुनांनी थोरल्यांचं नाव तोंडावर आणायचं नसे, तिच्या सासूनेही कधी आणलं नाही. बाबा म्हणाले, मुंबईतल्या चुलत्यांना माहीत असेल, ते नव्वदीला आलेत, लवकर विचारायला हवं.

गोविंद गोपाळांची पट्टी तशीच, तिन्ही शब्दांसह लावलेली आहे. तिच्या बाजूला मुलाने दुसरी एक कोरी पांढरी पट्टी काढून ठेवली आहे आणि खोक्यातल्या उरलेल्या राखाडी विटा मोजून घेतल्या आहेत. चौथऱ्याला पुरणार नाहीत, सात कमी पडतात.