जात कोणती?

द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्ता नि पुणे रस्ता रात्रंदिवस गरजत असतात. आमच्या नाशिकला पाणी म्हणजे गोदावरी. समुद्र कोसो दूर. अशा ठिकाणी खोल समुद्रातले बार्नेकल माझ्या जेवणाच्या टेबलावर यावेत, ही गंमतच म्हणायची! आणले माझ्या पुतणीने. मुंबईस ती प्राणिशास्त्र शिकते. अर्थात आणली ती छायाचित्रे. मूळ नमुने अवघे तीन, त्यांतला एक मोडका.

कोकणात खडकाला नि होडीच्या तळाला चिकटलेले, अनवाणी पायाला ओरखडे काढणारे टणक कवच आपण पाहिले असेल. तोच हा प्राणी. दिसतो शिंपल्याचा भाऊबंद, पण गोत कोळंबी-खेकड्यांचे! लिनियसनेही त्याला शिंपल्यांच्या पंगतीला बसवले होते. १८३० साली थॉम्पसनने त्याच्या पोहणाऱ्या पिलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा खरे कूळ उमगले. पुढे डार्विनने १८४६ पासून आठ वर्षे याच प्राण्यांपायी घालवली. सुरुवात झाली चिलीच्या किनाऱ्यावर १८३५ मध्ये मिळालेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या एका जीवापासून! पुढे इतर काही जातींत परोपजीवी किडे वाटावेत असे ठिपके निघाले चक्क नर, जोडीदाराला बिलगलेले.

"काका, यांच्या देठावर खवले असतात, वर कवचाचे तुकडे. ते मोजायचे, त्यांचा आकार पाहायचा, मग पाय नि तोंडाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली."

"मग अडचण कसली?"

"वयाबरोबर तुकड्यांचा आकार बदलतो. ही ओळखीच्याच जातीची पोरे असली तर?"

तिच्या मार्गदर्शकांचा कल नवी जात जाहीर करण्याकडे होता. तसे पाहिले तर त्यांचेही चूक नव्हे. खोल समुद्रातल्या कित्येक जातींची नावे एकदोन नमुन्यांवरच उभी आहेत. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाने बंगालच्या उपसागरातून नि अरबी समुद्रातून जे वर काढले, त्यातल्या बार्नेकलांवर कलकत्त्याच्या संग्रहालयात नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी काम केले. पुढचे मासे गळाला लागेपर्यंत थांबले असते, तर यादी कोरीच राहिली असती.

मला मात्र आक्षीचा शिलालेख आठवला. त्याचा शक ९३४ वाचायचा की आणखी काही, यावर कोरीव मराठीचे वय मागेपुढे होते. आणि दगड तर एकच, तोही झिजलेला. त्यावर भांडणारे विद्वान मी वाचले आहेत. माझा विश्वास नेहमी त्यांच्यावर बसला, ज्यांनी न दिसणारे अक्षर दिसत नाही असे लिहिले.

तिला मी एवढेच विचारले, "नाव दिले नाहीस तर पदवी अडेल?"

"पदवी नाही अडणार. निबंध छापायला वेळ लागेल."

"आणि कलकत्त्याचे मूळ नमुने?"

"ते पाहायला जायलाच हवे." ती जरा वेळ गप्प बसली. मग पेन्सिल उचलून तिने वहीत लिहिले: कूळ निश्चित, जात अनिश्चित, नमुने तीन.

आणि शेजारी, बारीक अक्षरात: एक मोडका.