मंडईंत शेतकऱ्यास जागा

पुण्याच्या जुन्या पेठा पाहावयास येणारा प्रवासी बहुधा शनिवारवाड्यापासून आरंभ करतो, आणि तें योग्यच आहे. मात्र दिल्ली दरवाजा पाहून झाला कीं तो लागलीच दुसऱ्या एखाद्या वाड्याच्या वा देवळाच्या शोधांत निघतो. दरवाज्यापुढील मैदानाकडे त्याचें लक्ष जात नाहीं. ह्याच मैदानावर, दीडशें वर्षांपूर्वीं, पुण्याचा भाजीबाजार भरत असे. पेशवाई बुडाली होती, वाड्यांतील इमारती १८२८ च्या आगींत भस्म झाल्या होत्या, आणि जेथें एके काळीं सरदारांचे घोडे थांबत तेथें मेथीच्या जुड्या व वांग्यांचे ढीग मांडले जात. वर छप्पर नव्हतें. उन्हाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यांत चिखल. तथापि बाजार चाले; कारण गिऱ्हाईक हांकेच्या अंतरावर राहत होतें आणि शेतकऱ्याची गाडी तेथपर्यंत येत होती. बाजारास ह्या दोन गोष्टी मिळाल्या म्हणजे बाकीचें उणें तो सोसतो.

ह्या मैदानापासून शिवाजी रस्त्यानें दक्षिणेकडे निघावें. लाल महाल मागें पडतो, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनास उभ्या असलेल्या रांगेंतून वाट काढावी लागते, बेलबाग चौक ओलांडावा लागतो, आणि तुळशीबागेच्या गर्दीचा आवाज कानीं पडूं लागतो तोंच पुढें मंडईचा उंच मनोरा दिसतो. स्वस्थपणें चाललें तरी पंधरावीस मिनिटांचा हा रस्ता आहे. पुण्याच्या भाजीबाजारानें स्थलांतर केलें तें एवढेंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहर वाढलें, तसें नगरपालिकेस वाटूं लागलें कीं ह्या उघड्या बाजारास छप्पर हवें, ठरवून दिलेले गाळे हवेत आणि स्वच्छतेची व्यवस्था हवी. शुक्रवार पेठेंत जागा ठरली. कर्नल वॉल्टर ड्यूकाट यांनीं आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं बांधकाम केलें, आणि १८८६ सालीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्तें उद्घाटन होऊन तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव इमारतीस मिळालें. मध्यें अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोंवतीं पसरलेले दगडी बांधणीचे विस्तीर्ण भाग, अशी तिची रचना आहे. वास्तु देखणी आहे, ह्यांत संशय नाहीं.

परंतु ह्या खर्चास नगरपालिकेंत ज्यांनीं विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. १८७६ पासून कांहीं वर्षें ते नगरपालिकेचे सभासद होते. हा पैसा इमारतीवर न घालतां गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय फुलांचा. तेव्हां शेतमाल शहरांत कसा येतो आणि कोणाच्या हातीं जातो, हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या ह्या पुरुषाचा बाजारास विरोध नव्हता. शेतकऱ्याचें मूल निरक्षर असतां त्याच्या मालासाठीं मनोरे उभारावे, ह्यास होता. पुढें स्वातंत्र्यापूर्वींच, आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें, लॉर्ड रे यांचें नांव जाऊन त्याच इमारतीस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. विरोधकाचेंच नांव वास्तूस मिळावें, हा काळाचा न्याय म्हणावा कीं विनोद, तें वाचकांनीं ठरवावें.

मंडईनें पुण्यास केवळ भाजी पुरविली असें नाहीं. लोकमान्य टिळकांचा पुतळा येथेंच उभा आहे; १९२४ सालीं पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. येथील चावडीवजा चर्चेस पुणेकर थट्टेनें ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत आले आहेत. जेथें सर्व थरांतील माणसें रोज पिशवी घेऊन येतात तेथें लोकमत आपोआप तयार होतें. म्हणूनच बाजार शहराच्या हृदयांत असावा लागतो, वेशीबाहेर असून भागत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. शहर आणखी वाढलें, मालमोटारी आल्या, पेठांतील अरुंद रस्त्यांस तो भार सोसेना, आणि घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. जाणें प्राप्तच होतें. परंतु व्यापाराबरोबर शेतकरीही पेठांतून गेला. सासवडकडील वाटाणा अथवा नारायणगांवचा टोमॅटो पहांटे यार्डांत उतरतो, आडत्याच्या हातून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गाळेवाल्याकडे आणि तेथून आपल्या पिशवींत येतो. हमाली, तोलाई, आडत असे कर वळसे घेत तो येत असल्यामुळें घेणारास महाग पडतो आणि पिकविणाराच्या पट्टींत थोडें उरतें. २०१६ सालीं शासनानें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त केला. शेतकऱ्यास आपला माल थेट विकण्याची वाट कायद्यानें मोकळी झाली. पण वाट मोकळी झाली तरी बसावयाचें कोठें? पेठेंत एक हात जागेचा भाव काय आहे, हें घर घेऊं पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर, माझ्या मतें, ह्या पेठांच्या नांवांतच आहे. शुक्रवार, शनिवार, बुधवार, सोमवार: त्या त्या वारीं तेथें बाजार भरे म्हणून हीं नांवें पडलीं, अशी जुनी समजूत आहे. आठवडी बाजाराची युक्ति हीच कीं तो भूमि मागत नाहीं, वेळ मागतो. सहा दिवस जी जागा दुसऱ्या कामाची, ती सातव्या दिवशीं कांहीं घटका बाजाराची. २०१६ च्या ऑगस्टांत संत शिरोमणि सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडी बाजाराची योजना सुरू झाली, तेव्हां मुंबईंत प्रत्यक्ष विधान भवनाच्या आवारांत, मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर, रविवारीं भाजी विकली गेली. मुंबईच्या त्या भागांत जमिनीचा तुकडा विकत घेऊन बाजार बसवावयाचा म्हटलें असतें तर तो जन्मांत बसला नसता. रविवारची रिकामी जागा मात्र फुकट पडून होती.

पुण्याच्या पेठांत अशा जागा थोड्या नाहींत. शाळांचीं पटांगणें रविवारीं ओस असतात. कचेऱ्यांचीं आवारें सुटीच्या दिवशीं मोकळीं असतात. मंगल कार्यालयांचीं अंगणें मुहूर्त नसलेल्या महिन्यांत रिकामीं असतात. २०२४ च्या सप्टेंबरापासून मंडईच्या खालून मेट्रो धांवूं लागली आहे. उपनगरांतील गिऱ्हाइकास आतां मोटार आणावयास नको, ही बाजारास मोठीच सोय झाली आहे.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते क्षुल्लक नाहींत. गाळेवाला म्हणेल, ‘आम्ही भाडें भरतों, पिढ्यान्‌पिढ्या येथें बसतों, आमच्या दारांत बिनभाड्याचा विक्रेता बसवूं नका.’ त्याचें म्हणणें खरें आहे. म्हणून वार आणि वेळ ठरलेली असावी, आणि शेतकऱ्यानेंही त्या कांहीं तासांचें माफक भाडें द्यावें. शेजारी राहणारे म्हणतील, ‘बाजार उठतो, पण देंठ आणि सालें आमच्यासाठीं राहतात.’ तेंही खरें. म्हणून ज्यानें जागा वापरली त्यानें ती झाडून परत करावी, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. आणि तिसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाहीं: पहांटे गांवाहून निघालेल्या बाईस पिण्याचें पाणी आणि शौचाची सोय नसेल, तर दुसऱ्या आठवड्यास ती येणार नाहीं, तिच्या जागीं तिचा माल घेऊन व्यापारी येईल. शेतकऱ्यांचा बाजार मोडावयास एवढें पुरें आहे.

आपणां कुटुंबवत्सल मंडळींस ह्यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. ज्यांच्या हातीं शाळा वा संस्था आहेत त्यांनीं पटांगणाची किल्ली सातांतून एका सकाळीं उघडी ठेवावी. ज्यांच्या हातीं केवळ पिशवी आहे त्यांनीं ती घेऊन वेळेवर जावें, भाव करावा, पण पिकविणाराच्या तोंडचा घास काढून घेऊं नये. घरांतील मुलांसही बरोबर न्यावें. मेथीची जुडी कोणाच्या हातून आली हें ज्यानें एकदां पाहिलें, तो ती ताटांत टाकीत नाहीं. महात्मा फुले यांचें नांव आपण मंडईस दिलें तें चांगलेंच केलें. आतां ज्याच्यासाठीं ते झगडले त्या शेतकऱ्यास तिच्या आसपास, आठवड्यांतून एक सकाळ का होईना, बसावयास जागा द्यावी, म्हणजे तें नांव सार्थ होईल.