लिफ्ट असलेला किल्ला

"किल्ल्यात लिफ्ट?"

बाबांनी हे तीनदा विचारलं. एकदा मला, एकदा स्वतःलाच आणि तिसऱ्यांदा दारातल्या गणवेशातल्या बाईंना, तेही मराठीत. बाईंनी हसून मान लववली आणि लिफ्टच्या रांगेकडे हात केला.

आम्ही ओसाका किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यापाशी उभे होतो. पांढऱ्या भिंती, हिरवट छपरांचे एकावर एक मजले, सगळ्यात वरच्या काळ्या पट्ट्यावर सोनेरी वाघ. कॅलेंडरवर असतो अगदी तसा जपानी किल्ला. आणि आत लिफ्ट, एसी, तिकीट खिडकी, पहिल्या मजल्यावर भेटवस्तूंचं दुकान.

बाबांची नाराजी समजायची तर बाबा समजायला हवेत. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. दर दिवाळीच्या सुट्टीत वीस-पंचवीस पोरं घेऊन ते कुठल्या ना कुठल्या गडावर जायचे. त्यांच्याकडे एक वही आहे. तीत तारीख, गड, सोबत कोण, चढायला लागलेला वेळ अशा नोंदी आहेत. एकट्या रायगडाच्या सत्तेचाळीस. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी दोन्ही वाट्या बदलायला सांगितल्या, बाबांनी विषय बदलला. "मूळचं ते मूळचं. लोखंडाच्या गुडघ्यांनी कसला गड चढायचा?"

दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर गेले होते, तेव्हा त्यांना रायगडाला घेऊन गेले. रोपवेची तिकिटं काढू म्हटलं, तर ते पाचाडात चहाच्या टपरीवर बसून राहिले. "तुम्ही या जाऊन. जे चढलं नाही, ते पाहिलं असं मी म्हणणार नाही." मी आणि आई वर गेलो. परत आलो तेव्हा त्यांचा चौथा चहा चालू होता आणि टपरीवाल्याच्या मुलाला ते अपूर्णांक समजावत होते.

त्यामुळे ते ओसाकाला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना किल्ला दाखवायचा की नाही, या विचारात मी चार दिवस घालवले. आई विमानाच्या भीतीने आलीच नव्हती, पण रोज फोनवर बजावत होती, "त्यांना फार चालवू नकोस गं." मी स्वतः इथे तीन वर्षं राहूनही या मनोऱ्यात कधी गेले नव्हते. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकाने सांगितलं होतं, "बाहेरून फोटो काढ, पुरे. आत सगळं काँक्रीट आहे. खरा किल्ला बघायचा तर हिमेजीला जा." हिमेजी खराच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा लाकडी मनोरा अजून उभा आहे. पण आत उभे, अरुंद लाकडी जिने. बाबांना तिथे नेणं म्हणजे आणखी एका टपरीवर बसवणं.

*

मनोऱ्यापर्यंत पोचायलाच आम्हाला तास लागला. वाटेत बाकं भरपूर आहेत, आणि प्रत्येक बाकावर बसताना बाबा "जरा खंदक बघू" म्हणायचे.

साकुरा दरवाजातून आत शिरलं की समोर एक दगड येतो. भिंतीत बसवलेला एकच अखंड दगड. त्याला 'ताको-इशी', म्हणजे ऑक्टोपस दगड म्हणतात, कारण त्यावर ऑक्टोपससारखा डाग आहे. दर्शनी भागाचं क्षेत्रफळ सुमारे ५९ चौरस मीटर, अंदाजे वजन १०८ टन. मी फोनवरून वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलले.

"म्हणजे साडेसहाशे स्क्वेअर फूट, थोडे कमी. आपल्या घराएवढा एक दगड."

पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात किल्ल्याबद्दल आदर आला. हे दगड कुठून आणले, कसे आणले, कोणी आणले, असे प्रश्न सुरू झाले. बरेच दगड सेतो अंतर्गत समुद्रातल्या बेटांवरून जहाजांनी आले. तोकुगावांच्या हुकुमावरून साठाहून जास्त सरदारांनी भिंतीचा आपापला हिस्सा बांधला, आणि हा दगड कोणाचा यावरून भांडणं नकोत म्हणून दगडांवर खुणा कोरल्या. त्या आजही दिसतात. काही दगड तर कापून तयार झाले, पण किल्ल्यापर्यंत पोचलेच नाहीत. शोदो बेटावर ते अजून पडून आहेत. त्यांना 'झान्नेन-इशी' म्हणतात. अर्थ साधारण 'राहून गेलेले दगड', हळहळ वाटावी असे.

बाबा भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. "जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे बघ," ते म्हणाले. मला ते माहीत होतं. इयत्ता चौथीत त्यांनीच मला त्या पायरीशी बसवून ती अक्षरं लावायला लावली होती. मग जरा थांबून म्हणाले, "त्यांचाही एखादा दगड राहून गेला असेल कुठेतरी वाटेत."

*

आता मूळ कोणतं, हा प्रश्न. तो वाटतो तेवढा सोपा नाही.

तोयोतोमी हिदेयोशी सामान्य घरातला माणूस. चढत चढत तो अख्ख्या जपानचा सत्ताधीश झाला. त्याने १५८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि १५८५ मध्ये मनोरा उभा राहिला. हिदेयोशी १५९८ मध्ये गेला. तोकुगावा इएयासूने १६१४ च्या हिवाळ्यात आणि १६१५ च्या उन्हाळ्यात किल्ल्यावर दोन मोहिमा काढल्या. दुसरीत किल्ला पडला. मनोरा जळाला, आणि हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी व त्याची आई योदो यांनी तिथेच जीव दिला.

तोकुगावांनी पुढे नुसता नवा किल्ला बांधला नाही, तर हिदेयोशीचा किल्ला मातीखाली गाडून त्याच्यावर आपला बांधला. त्यांचा मनोरा १६२६ मध्ये पूर्ण झाला. १६६५ मध्ये त्यावर वीज पडली आणि तोही जळाला. पुढची २६६ वर्षं इथे मनोराच नव्हता. लोक मात्र उरलेल्या भिंतींकडे बोट दाखवून "हा हिदेयोशीचा किल्ला" म्हणत राहिले. १९५९ मध्ये जमिनीत खोल खोदल्यावर खालच्या, जुन्या भिंतीचे दगड सापडले आणि लक्षात आलं, की वर दिसतंय ते सगळं त्याला गाडणाऱ्यांचं आहे.

दरम्यान १९३१ मध्ये तिसरा मनोरा उभा राहिला होता. १९२८ मध्ये महापौर सेकी हाजिमे यांनी ही कल्पना मांडली आणि शहराने वर्गणी काढली. १५ लाख येन जमले. जागा सैन्याच्या ताब्यात होती, त्यामुळे मनोऱ्यावर जेवढे खर्च झाले त्याहून जास्त पैसे सैन्याचं नवं मुख्यालय बांधून देण्यात गेले. ती युरोपीय थाटाची इमारत मनोऱ्यासमोर अजून आहे. मनोरा लोखंड आणि काँक्रीटचा. पायथा तोकुगावांचा, वरचं रूप हिदेयोशीच्या मनोऱ्याचं, तेही १६१५ च्या लढाईच्या एका जुन्या चित्रावरून घेतलेलं. आणि आत पहिल्या दिवसापासून संग्रहालय.

"म्हणजे शत्रूच्या जोत्यावर याचं घर," बाबा म्हणाले. "आणि नकाशा चित्रावरून. याला जीर्णोद्धार म्हणायचं?"

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये जी-२० परिषदेसाठी जगभरचे नेते ओसाकात आले होते. तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे पाहुण्यांसमोर म्हणाले, की हा किल्ला पुन्हा बांधताना एक मोठी चूक झाली, आत लिफ्ट बसवली. त्यावर टीका झाली, विशेषतः अपंग माणसांकडून.

"टीका कशाला? बरोबरच बोलले ते," बाबा म्हणाले. आणि लिफ्टच्या रांगेत उभे राहिले.

*

लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत जाते. पुढे आठव्यापर्यंत जिना, आणि मग एकेक मजला बघत खाली उतरायचं. बाबांनी जिन्याच्या कठड्याला हात घातला. तेवढ्यात तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांचे गुडघे पाहिले आणि अदबीने पुन्हा लिफ्टकडे खूण केली. ज्यांना जिना जमत नाही, त्यांना आठव्यापर्यंत लिफ्टनेच नेतात. लिफ्टमध्ये चाकांच्या खुर्चीत एक आजी होत्या, मागे त्यांचा नातू असावा असा मुलगा. बाबा काही क्षण जिन्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता इथेही बसतात की काय. पण आजींनी खुर्ची थोडी सरकवून घ्यायला सांगितली, बाबांसाठी जागा केली. माणूस आपल्यासाठी सरकला की नाही म्हणता येत नाही. बाबा आत गेले.

वर वारा होता. जमिनीपासून सुमारे पन्नास मीटरवर चारी बाजूंनी शहर. आजी जाळीपाशी खुर्ची लावून बसल्या होत्या आणि नातवाला बोटाने काहीतरी दाखवत होत्या. आधी एक दिशा, मग दुसरी. नातू फोन खिशात ठेवून ऐकत होता. पाऊण तास आम्ही वर होतो, त्या तेवढा वेळ बोलत होत्या.

बाबा शहर कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यांना काय सांगायचं होतं? खाली चहा प्या म्हणून?"

मी काही बोलले नाही. मला पाचाडची टपरी आठवत होती. त्यांनाही आठवत असावी.

*

उतरताना आम्ही लिफ्ट आणि जिना दोन्ही वापरले. सातव्यावर हिदेयोशीचं आयुष्य छोट्या छोट्या देखाव्यांमधून सांगितलंय. तिसऱ्यावर त्याच्या सोन्याच्या चहाघराची प्रतिकृती आहे. "चहा प्यायला सोन्याची खोली?" बाबा म्हणाले. "नवश्रीमंत." दुसऱ्यावर शिरस्त्राण घालून फोटो काढता येतो. तो काढायला त्यांनी ठाम नकार दिला आणि दहा मिनिटांनी काढला. आईला पाठवला. आईचं उत्तर : "हे कोण?"

पण जास्तीत जास्त वेळ ते पाचव्या मजल्यावर रमले. तिथे उन्हाळी लढाई आहे. बोटभर उंचीच्या सैनिकांचा देखावा, आणि त्या जुन्या चित्राचे भाग मोठे करून दाखवणारे पडदे. घडीच्या पडद्यांवरच्या या चित्रात पाच हजारांहून जास्त माणसं आहेत. उजव्या अर्ध्यात लढाई, निशाणं, घोडे. डाव्या अर्ध्यात किल्ला पडल्यानंतरचं शहर : पळणारी माणसं, नदीत शिरलेल्या बायका, त्यांना लुटणारे सैनिक. म्हणजे ज्या चित्रावरून मनोऱ्याचं रूप घेतलं, त्याच चित्रात तो पडल्यावर लोकांचं काय झालं तेही आहे. बाबा त्या डाव्या बाजूसमोर बराच वेळ उभे होते. "गड पडला एवढंच शिकवतो आपण," ते म्हणाले. "मीही तेवढंच सांगायचो मुलांना. १८१८ला रायगड पडला, वाडे जळाले. खाली कोण कुठे पळालं, कधी विचारच केला नाही."

बाहेर आल्यावर आम्ही मनोऱ्याच्या मागच्या बाजूला गेलो. तिथल्या दगडांवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांमधून झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. किल्ल्याला लागूनच सैन्याचा शस्त्रांचा मोठा कारखाना होता. १४ ऑगस्ट १९४५ला, म्हणजे जपानने शरणागती जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर प्रचंड बॉम्बफेक झाली. मनोऱ्याच्या पायथ्याचे दगड सरकले. काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. १९९५ ते १९९७ त्याची मोठी दुरुस्ती झाली, आणि १९९७ मध्ये या काँक्रीटच्याच इमारतीची सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

बाबांनी बाकावर बसून पुन्हा डोळे मिटले. ओठ हलले.

"पहिला तीस वर्षं," ते म्हणाले. "दुसरा एकोणचाळीस. आणि हा नव्वदच्या वर, अजून चालू." थोड्या वेळाने : "दोन्ही मुळांची बेरीज केली तरी याच्या पुढे जात नाही."

परतीच्या गाडीत त्यांनी पिशवीतून वही काढली. ती ते जपानला घेऊन आलेत, हे मला माहीत नव्हतं. तारीख घातली, 'ओसाका' लिहिलं, माझं नाव लिहिलं. 'चढायला लागलेला वेळ' या रकान्याशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं : लिफ्ट.

दोन स्टेशनं गेली. वही बंद करून ते खिडकीबाहेर बघत होते.

"त्या बदललेल्या वाट्या," ते म्हणाले, "किती वर्षं टिकतात गं साधारण?"

मी फोन काढला आणि शोधायला लागले.